मालवाहूची मुसंडी

तीन टनांचा पिकअप ट्रक. गवताच्या गासड्या वाहणारा, घोड्यांचा ट्रेलर ओढणारा, डिझेलवर चालणारा. शेजारच्या पट्ट्यात कॉर्व्हेट, जमिनीला चिकटलेली, ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाण्याची ताकद असलेली. दोघांसमोर सरळसोट पाव मैल. हिरवा दिवा लागतो आणि ट्रक पुढे निघतो. नुसता निघत नाही, पुढेच राहतो. शेवटच्या रेषेपर्यंत पुढे राहतो!

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कानांनी ऐकलंय, छातीच्या फासळ्यांत हादऱ्यासारखं भोगलंय, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे. एकदा सांगून झालेल्यांनाही पुन्हा सांगते आहे, कारण दर वेळी सांगताना त्यातलं आणखी काहीतरी उमगतं.

जागा आधी सांगते. अमेरिकेतलं इंडियाना राज्य, इंडियानापोलिस शहराच्या पश्चिमेला ब्राउन्सबर्गजवळ असलेलं इंडियानापोलिस रेसवे पार्क. ड्रॅग शर्यतींच्या जगात या जागेला मोठा मान आहे. यू.एस. नॅशनल्स ही ड्रॅगमधली सगळ्यात मानाची शर्यत १९६१पासून इथे भरते. पण मी गेले ती शर्यत नव्हती. ‘टेस्ट अँड ट्यून’ नावाची संध्याकाळ होती. पैसे भरा, गाडी तपासून घ्या, हेल्मेट घाला आणि रांगेत लागा. गाडी कुठली, मालक कोण, हे कुणी विचारत नाही. कॉलेजातल्या पोराची सिव्हिक, आजोबांची जुनी मस्टँग, ऑफिसातून थेट आलेली टेस्ला, सगळ्या एका रांगेत. आणि त्या रांगेत, बाकीच्या गाड्यांच्या टपांवरून मान काढून उभे असलेले पिकअप ट्रक.

माझा भाचा इथून तासाभराच्या अंतरावर कोलंबस गावात राहतो. कमिन्स कंपनीचं हे मूळ गाव. पुण्याला किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली तेव्हापासून पुणे आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा आहे, आणि कोलंबसच्या किराणा दुकानात मराठी कानावर पडतं ते त्यामुळेच. भाचा म्हणाला, “आत्या, तू ट्रकवाल्यांच्या घरातली. तुला चर्च आणि बागा नंतर दाखवतो, आधी हे बघ.” त्याचं किती भलं चिंतू!

आता शर्यतीची रीत. अंतर १३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. काही ठिकाणी त्याच्या निम्मंच, २०१ मीटर. वळण नाही, लॅप नाही, तिसरा स्पर्धक नाही. दोन गाड्या, दोन पट्टे. मधोमध दिव्यांचा खांब, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, आणि तो १९६३पासून सगळीकडे रुळला. सुरुवातीच्या रेषेवर अदृश्य प्रकाशकिरण आडवे सोडलेले असतात. पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की वरचा छोटा दिवा लागतो, दुसऱ्या किरणात आलं की त्याखालचा. दोन्ही गाड्या अशा ‘स्टेज’ झाल्या की पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने वरून खाली येतात आणि मग हिरवा. त्याआधी निघालात तर लाल. संपलं.

यातली मजा अशी की गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडतं तेव्हा सुरू होतं. माणूस किती चपळ आणि गाडी किती चपळ, हे वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे जिची धाव कमी वेळात झाली ती गाडी हरूही शकते, चालक दिव्यावर रेंगाळला तर. चारशे मीटरच्या सरळ रस्त्यात इतकं नाट्य भरलेलं असेल, हे जाळीला नाक लावून उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तर तो ट्रक. नव्वदीच्या दशकातला डॉज रॅम २५००, रंग उडालेला, मागे ट्रेलर जोडायचा हूक तसाच. चालवणारा शेतकरी, मका आणि सोयाबीन करणारा, साठीकडे झुकलेला. कॉर्व्हेटवाला तिशीतला. कॉर्व्हेट झेड-झीरो-सिक्स, सात लिटरचं पेट्रोल इंजिन, कारखान्यातूनच ५०५ अश्वशक्ती. तिने आधी पाण्यात चाकं फिरवून टायर तापवले, पांढरा धूर काढला, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. ट्रक पाण्याला वळसा घालून थेट रेषेकडे गेला.

आणि मग ट्रकने जे केलं त्याने माझ्या अंगावर काटा आला. पहिला दिवा लावून तो थांबला. ब्रेक दाबलेला, ॲक्सिलरेटरही दाबलेला. इंजिनाचा घोगरा आवाज हळूहळू चढायला लागला, त्याच्या आतून एक शीळ निघाली, शीळ वाढत गेली, ट्रकचं नाक एका बाजूला कललं, सगळं धूड थरथरायला लागलं. धुराड्यातून काळा लोट उठला. माझ्या पायाखालची लोखंडी पायरी कंप पावत होती. भाचा कानाशी ओरडला, “बूस्ट भरतोय!” कॉर्व्हेटवाला आपला दिवा लावून वाट बघत होता. अशी वाट बघणं हा इथला शिष्टाचार आहे. मग ट्रक इंचभर पुढे सरकला, दुसरा दिवा लागला, पिवळा, पिवळा, पिवळा...

ट्रक उडाला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चारही चाकांनी एकदम जमीन पकडली, मागचा हौदा खाली दबला, आणि तीन टन लोखंड असं सुटलं की मला वाटलं कुणीतरी पट्टाच मागे खेचला. कॉर्व्हेटची मागची चाकं क्षणभर जागच्या जागी गरगरली, मग तीही सुटली, तिचा तो तीक्ष्ण टाहो फोडत. अर्ध्या अंतरावर ट्रक तीन-चार गाड्यांच्या लांबीने पुढे. मग कॉर्व्हेट भरभर अंतर तोडू लागली, तोडत गेली, तोडतच गेली, आणि रेषा आली. ट्रकच्या बाजूचा दिवा लागला. मी ओरडत होते. शेजारची अनोळखी बाई माझा दंड धरून ओरडत होती.

धाव झाली की एका खिडकीतून कागदाची चिठ्ठी मिळते. वर्तमानपत्र वाचावं इतक्या मन लावून मी ती वाचली, कारण सगळी गोष्ट तिच्यात होती. पहिले ६० फूट, म्हणजे जेमतेम १८ मीटर: ट्रक १.६ सेकंद, कॉर्व्हेट २.० सेकंद. संपूर्ण पाव मैल: ट्रक ११.४, कॉर्व्हेट ११.७. आणि शेवटच्या रेषेवरचा वेग? ट्रक ताशी १९० किलोमीटर, कॉर्व्हेट ताशी २०१! म्हणजे रेषा ओलांडताना कॉर्व्हेटच जास्त वेगात होती. आणखी काहीशे मीटर असते तर तिने ट्रकला गाठलं असतं. पण ते नव्हते. शर्यत पहिल्या १८ मीटरमध्येच जिंकली गेली होती.

हे का घडलं, ते समजून घेतल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. भाच्याने रात्री जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन गणित मांडलं. ट्रकचं इंजिन आता हजार अश्वशक्तीच्या आसपास, वजन चालकासह तीन टन. कॉर्व्हेट ५०५ अश्वशक्ती, वजन चालकासह दीड टन. दोन्हीकडे किलोमागे साधारण एक तृतीयांश अश्वशक्ती. कागदावर बरोबरी! मग फरक कशाचा? पकडीचा. कॉर्व्हेटची ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर उतरते आणि तिचे नेहमीचे रस्त्यावरचे टायर तेवढी ताकद एकदम झेलू शकत नाहीत. ट्रकची चारही चाकं ओढतात आणि त्यांच्यावर तीन टनांचा दाब असतो. ज्या वजनाला आपण ट्रकचं लोढणं समजतो, तेच सुटण्याच्या क्षणी त्याचे पाय जमिनीत रोवून धरतं. वजन पुढे नडतंच, ते कमी करता येत नाही. पण पहिल्या दीड सेकंदात ते साथ देतं.

आणि दुसरं कारण टॉर्क, चाकाला मिळणारा पीळ. पेट्रोलचं ते इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेतं आणि त्याचा खरा जोर वरच्या फेऱ्यांत येतो. हे डिझेल इंजिन कारखान्यातून येतं तेव्हा अडीच-पावणेतीन हजार फेऱ्यांवर थांबतं, शर्यतीसाठी स्प्रिंग बदलली तरी चार हजारांच्या आसपास. त्याला जे द्यायचं ते खालीच, सुरुवातीलाच द्यायचं असतं. जड ट्रेलर चढावर उभा आहे आणि तिथून हलवायचा आहे, या कामासाठीच त्याचा जन्म. आता मागचा ट्रेलर सोडा. तोच रेटा रिकाम्या ट्रकला लावा. मग काय होतं, ते मी पाहिलं!

पण पाच-सहा लिटरच्या डिझेल इंजिनातून हजार अश्वशक्ती येते कुठून? हे इंजिन मुळात १६० अश्वशक्तीचं होतं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं, आणि ठिणगी पडेपर्यंत त्याने शांत राहायचं असतं. हवा फार दाबली तर ती इतकी तापते की मिश्रण ठिणगीआधीच भडकतं आणि पिस्टन फुटतो. म्हणून पेट्रोल इंजिनात किती हवा कोंबायची याला मर्यादा. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. नुसती हवा आत घ्यायची, सतरा पटींनी दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा. तेल कडकडीत तापल्यावर मोहरी टाकावी तसं ते पडल्या पडल्या तडतडतं. आधी भडकायला तिथे काही नसतंच! म्हणजे हवा कोंबा, आणखी कोंबा, हवी तितकी कोंबा. अडवणार फक्त एकच गोष्ट, लोखंडाची सहनशक्ती.

आणि इथे डिझेलचं भाग्य असं की त्याचं लोखंड आधीपासूनच दांडगं असतं. इतका दाब रोज सोसायचा, लाखो किलोमीटर सोसायचा, म्हणून त्याचा ठोकळा बिडाचा, भिंती जाड, क्रँकला सात जागी आधार, कॅम फिरवायला पट्टा किंवा साखळी नाही, सरळ गिअर. अर्ध्या टनाचं इंजिन! स्पोर्ट्स कारवाले ज्याला बोजड म्हणून नाक मुरडतात ते हेच. आयुष्यभर ओझं ओढता यावं म्हणून जो जाडपणा दिला, त्याच जाडपणामुळे काही सेकंदांसाठी त्याच्यावर सहापट ताकदीचा भार टाकता येतो. डिझेल इंजिन मंद नाही. त्याला आपण मंद कामाला लावलं होतं. हे मला त्या रात्री लख्ख दिसलं, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

हवा कोंबतात टर्बोने. धुराड्याकडे निघालेला गरम वायू एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा आत ढकलतो. त्या ट्रकला दोन टर्बो होते, एकापुढे एक. मोठा टर्बो हवा सव्वादोन पट दाबून धाकट्याला देतो, धाकटा ती पुन्हा सव्वादोन पट दाबतो, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी वातावरणाच्या पाचपट दाब. बेरीज नाही, गुणाकार! धाकटा लवकर फिरायला लागतो म्हणून सुटताना कामाला येतो, मोठा नंतर येऊन भरभरून देतो. सुरुवातीच्या रेषेवर ब्रेक दाबून इंजिन गुरगुरत ठेवण्यामागचं, म्हणजे ‘बूस्ट भरण्या’मागचं, कारण हेच. गरम वायू असल्याशिवाय पंखा फिरत नाही, पंखा फिरल्याशिवाय हवा येत नाही, हवा आल्याशिवाय ताकद नाही. उभ्या जागी तो पंखा फिरवत आणायचा आणि चाकं मात्र हलू द्यायची नाहीत, ही चालकाची कला. जरा कमी पडलं तर ट्रक सुटताना अडखळतो, जरा जास्त झालं तर ब्रेकला न जुमानता किरणातून पुढे सरकतो आणि लाल दिवा. तो शेतकरी हे सगळं चेहऱ्यावरची रेघही न हलवता करत होता.

तर हे इंजिन कुठलं? कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत. १९८०च्या दशकात कमिन्स आणि केस या ट्रॅक्टर कंपनीने मिळून ते तयार केलं. म्हणजे मुळात ट्रॅक्टरसाठी, शेतीच्या आणि खोदकामाच्या यंत्रांसाठी. १९८९च्या मॉडेलपासून डॉजने ते आपल्या पिकअपमध्ये बसवलं आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. तीस वर्षांत पिकअपमधल्या कमिन्सचा टॉर्क ५४२ न्यूटन-मीटरवरून १३५६ वर गेला, तोही कारखान्यातून, कुणी हात न लावता.

आणि हेच इंजिन मला लहानपणापासून माहीत होतं! १९९३ साली जमशेदपूरला टाटा कमिन्स स्थापन झाली आणि याच घराण्यातलं ५.९ लिटरचं इंजिन टाटाच्या ट्रकमध्ये बसायला लागलं. आता फलटणलाही त्यांचा कारखाना आहे. आमच्या तात्यांनी कराडहून चिपळूणला साखर न्यायला कमिन्सचा टाटा १६१३ घेतला होता. कुंभार्ली घाटात तो दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा, पंधराच्या वेगाने, तासन्‌तास, न तापता, न कुरकुरता. त्या आवाजावर आम्ही झोपलो आहोत. इंडियानातल्या त्या ट्रकने बूस्ट भरायला सुरुवात केली तेव्हा शिट्टीच्या खालून जो घोगरा आवाज येत होता, तो मी ओळखला. भाच्याने सांगायच्या आधी ओळखला. घाट चढणारं इंजिन हे होतं, फक्त या वेळी त्याला घाट नव्हता!

शर्यत झाल्यावर आम्ही गाड्या उभ्या करायच्या मैदानात गेलो. इथे कुणीही कुणाच्याही बॉनेटखाली डोकं घालतं. कॉर्व्हेटवालाही आला होता आणि ट्रकचे टर्बो बघत होता, चिडून नाही, हात मागे बांधून, प्रदर्शन बघावं तसा. शेतकऱ्याने मला इंधनाचा पंप दाखवला. बॉशचा पी-पंप, १९९४ ते १९९८ या काळातल्या ट्रकांना आलेला, पूर्णपणे यांत्रिक, संगणक नाही, वायर नाही. त्याच्या आत एक छोटी पोलादी पट्टी असते, इंधन कुठवर वाढू द्यायचं ते ती ठरवते. सुरुवातीच्या हौशी लोकांनी काय केलं, तर ती पट्टी काढून घासली, तिचा आकार बदलला. बस. इंजिनाने आणखी डिझेल घेतलं आणि आणखी जोर दिला. लोकांनी आपापल्या शेडमध्ये, धान्याच्या कोठाराशेजारी, हत्यारांच्या जुन्या पेटीतून हा खेळ उभा केला. मग मोठे इंजेक्टर आले, मग दुसरा टर्बो, मग सिलिंडर हेड उचललं जाऊ नये म्हणून मूळ बोल्टांच्या जागी जाड स्टड. एक गोष्ट मजबूत केली की ताण पुढच्या गोष्टीवर जातो, ती तुटली की ती मजबूत करायची. तो सांगत होता आणि मला आमच्या कराडच्या डिझेल पंपाच्या दुकानातली माणसं दिसत होती, नोझल हातात धरून फवारा नजरेने जोखणारी. भाषा वेगळी, पण बोटांना लागलेला वास तोच.

कमिन्सवाल्यांचं वेगाशी नातं आजचं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी पुन्हा थक्क झाले. कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स हा कोलंबसच्या अर्विन या सावकार घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्यांच्याच पैशांवर १९१९ साली कंपनी सुरू झाली. डिझेल म्हणजे बोटीचं आणि पंपाचं इंजिन, ही लोकांची समजूत मोडायला तो शर्यतीच्या मैदानावर उतरला. १९३१च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्याची डिझेल गाडी ५०० मैल एकदाही न थांबता धावली. असं आधी कुणी केलं नव्हतं. ती तेरावी आली. बाकीचे इंधन भरायला थांबत होते, ही आपली चालतेय!

आणि १९५२. त्या वर्षी फ्रेड अगाबाशियनने टर्बो लावलेली कमिन्स डिझेल गाडी पात्रता फेरीत सरासरी ताशी १३८ मैलांनी, म्हणजे २२२ किलोमीटरने पळवली आणि बाकी सगळ्या गाड्यांच्या पुढे सुरुवातीची पहिली जागा पटकावली. डिझेल गाडी इंडियानापोलिस ५००च्या पहिल्या जागेवर! शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावं लागलं. टर्बोला हवा देणारं तोंड खाली ठेवलेलं होतं, रस्त्यावरचा टायरचा चुरा त्यात ओढला गेला आणि ते तुंबलं. मला हे वाचून इतकं वाईट वाटलं, जणू काल घडलं. हवेचं तोंड वीतभर वर असतं तर!

धुराबद्दल बोललंच पाहिजे. सुटताना निघणारा तो काळा लोट म्हणजे न जळलेलं डिझेल, हवा पोचण्याआधी आलेलं. टर्बो भरला की धूर पातळ होतो. माझा धावपट्टीवरचा ट्रक अर्ध्या अंतरावर जवळपास स्वच्छ पळत होता, आणि जाणकार मेकॅनिक त्यावरच खूश होतात, कारण धूर म्हणजे वाया गेलेली ताकद. पण अमेरिकेत रस्त्यावर मुद्दाम काळा धूर सोडत हिंडणारेही आहेत. धूर साफ करणारी यंत्रणाच काढून टाकलेले साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप दहा वर्षांत रस्त्यावर आले, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा २०२०चा अंदाज आहे. खुद्द कमिन्सला रॅम पिकअपमधल्या उत्सर्जन चुकवणाऱ्या प्रणालींबद्दल १६० कोटी डॉलरहून अधिक दंड मान्य करावा लागला. मला या खेळाचं वेड लागलंय म्हणून मी याकडे डोळेझाक करणार नाही. बंद धावपट्टीवर काही सेकंदांची झेप ही एक गोष्ट, शाळेच्या बसमागे धूर सोडणं ही दुसरी. दुसरीला माझ्या मनात जागा नाही. शेतकऱ्याचंही हेच मत होतं आणि त्याने ते माझ्याहून कडक शब्दांत सांगितलं.

ट्रक सगळ्यांना हरवतो असं मात्र समजू नका. त्याच संध्याकाळी एका टेस्लाने त्याला दिवा लागल्या क्षणी मागे टाकलं, आवाजसुद्धा न करता. चिकट टायर लावलेली कॉर्व्हेट असती तर तिने बहुधा सुरुवातच गमावली नसती. आणि डिझेलवाल्यांच्या स्वतःच्या स्पर्धा आहेत त्यात तर वेगळीच गंमत. तिथे गट वेळेवरून ठरतात, २०१ मीटरसाठी ७.७०, ६.७०, ५.९० सेकंद, आणि ठरलेल्या वेळेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण त्याच्या आत यायचं नाही. आत आलात तर बाद. मला हे कौशल्य मोकाट वेगापेक्षा कठीण वाटतं. बघायला मात्र मोकाट वेगच हवा!

आता मला बॉनव्हिलला जायचं वेड लागलंय. युटातल्या त्या मिठाच्या पठारावर २००२ साली गेल बँक्सच्या डॉज डकोटा पिकअपने ५.९ कमिन्सवर ताशी २१७ मैलांचा, म्हणजे जवळपास ३५० किलोमीटरचा विक्रम केला. आणि तो ट्रक तिथे आला कसा? दुसऱ्या गाडीवर लादून नाही. कॅलिफोर्नियाहून स्वतः रस्त्याने चालत आला, मागे आपल्याच सामानाचा ट्रेलर ओढत! हत्यारं, सुटे भाग, सगळं स्वतः वाहून आणलं, ट्रेलर सोडला आणि विक्रमाला उतरला. मी हे भाच्याकडून ऐकलं तेव्हा हातातला चहा तसाच ठेवला आणि उठून फेऱ्या मारायला लागले.

कराडला भावाला फोन केला. तात्यांच्या मागे धंदा तोच बघतो. मी घडाघडा सगळं सांगितलं, कॉर्व्हेट, हजार अश्वशक्ती, पहिले साठ फूट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “अक्का, पंप कुठला?” मी म्हटलं, बॉशचा, यांत्रिक. “मग बरोबर हाय.” थोडा थांबला. “आणि गिअरबॉक्स टिकतोय का पण?”

हा प्रश्न मी तिथे विचारलाच नव्हता, आणि खरा प्रश्न हाच होता. भाच्याला विचारलं तर तो हसायला लागला. इंजिन निभावून नेतं, पण त्याच्या मागची मूळ ऑटोमॅटिक पेटी हजार अश्वशक्तीपुढे टिकत नाही. दांडे पिळवटतात, क्लच जळतात. म्हणून ती आतून नवी बांधावी लागते, अखंड पोलादातून कातलेले दांडे, जादा क्लच, वेगळा टॉर्क कन्व्हर्टर, आणि पुष्कळांचे इंजिनापेक्षा जास्त पैसे तिथेच जातात. ती बांधणारे कारागीर वेगळे, त्यांची नावं या लोकांत आदराने घेतली जातात. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग इंजिनाचं काय सांगत बसलीस? त्या पेटीवाल्याला गाठ. आणि फोटो काढ, उघडलेल्या पेटीचे. क्लचच्या प्लेटा किती हायत ते मोज.”

पुढच्या बुधवारी तेच करायला निघाले आहे.